पट्टीवरची रिकामी ओळ

१

कॅझिमिर ग्रुश्काची चूक काढणारा माणूस मिशिगनमधल्या वायनडॉट गावात अजून जन्माला यायचाय, असं खुद्द कॅझिमिरचं मत होतं. त्याची बायको हेडी सोडली तर हे मत खोडायला कोणी पुढे येत नसे, आणि हेडीसुद्धा खोडायची ती फक्त स्वयंपाकघरात. गॅरेजमध्ये तो राजा होता. साठ-सत्तरच्या दशकातल्या त्या दांडग्या इंजिनांच्या गाड्या अस्सल की बनावट, याचा निवाडा तो करायचा. साध्या गाडीत मोठं इंजिन बसवायचं, रंगाचा हात मारायचा आणि दुर्मिळ म्हणून कोणाच्यातरी गळ्यात मारायची, हा धंदा जोरात होता. त्यामुळे घेणारे लोक आधी कॅझला गाठत.

बॉनेट उघडल्यावर तो इंजिनाकडे बघतसुद्धा नसे. इंजिन काय, कोणीही बदलतं. तो बघायचा बाजूच्या आतल्या पत्र्यावर स्क्रूनं बसवलेली, पत्त्याच्या पानाएवढी पट्टी. गाडी कारखान्यातून काय काय घेऊन बाहेर पडली, ते सगळं त्या पट्टीवर अक्षरं-आकड्यांत ठोकलेलं असतं. इंजिन, रंग, गाद्या, आरसे, रेडिओ. नवखा माणूस ती वरून खाली वाचतो आणि तोंडघशी पडतो, कारण ती खालून वर वाचायची असते. सगळं वाचून झालं की शेवटी, वरच्या टोकाला, 'एंड' असा शिक्का येतो. यादी संपली, आता या गाडीत आणखी काही घालायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

हे काम दोघांचं असतं. एकानं बॉनेटपाशी उभं राहून कोड वाचायचा आणि त्याचा अर्थ मोठ्यानं सांगायचा. दुसऱ्यानं गाडीत बसून ती वस्तू बघायची आणि 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचं. बॉनेट मध्ये उभं असल्यामुळे दोघं एकमेकांना दिसत नाहीत. कॅझकडे आत बसायचं काम हेडीचं होतं. मांडीवर शब्दकोड्याचं पुस्तक घेऊन ती 'आहे, आहे' करत राही. ती सवय इतकी अंगात मुरली होती की भाचीच्या लग्नात पाद्र्यानं "या विवाहाला कोणाची हरकत आहे का?" असं विचारलं, तेव्हा पेंगत असलेली हेडी खणखणीत आवाजात "आहे!" म्हणाली होती. त्यानंतर भाची वर्षभर त्यांच्याकडे फिरकली नाही.

कॅझला कमी ऐकू यायचं. कानात यंत्र होतं, पण घरात तो ते काढून साखरेच्या भांड्याशेजारी ठेवून द्यायचा. फोन वाजो, दार वाजो, कोणी त्याचं नाव घेवो, उत्तर हेडीच द्यायची. "आहे, आहे, घरातच आहे!"

२

आर्डिस ब्लेझेक हेडीबरोबर चर्चच्या गायनात उभी राहायची. पाठीचा कणा ताठ, तोंडात शब्द मोजके. लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. एप्रिलमधल्या एका दुपारी ती ट्रकच्या पुढच्या सीटवरून उतरली आणि ट्रकवरून तिच्यामागोमाग एक हिरवी ब्रिगँड गाडी उतरवली गेली.

"कॅझ, मला दुसरं काही ऐकायचं नाही," ती म्हणाली. "ही रूडीची आहे की नाही, तेवढं सांग."

रूडी तिचा मोठा भाऊ. गावातल्या जुन्या माणसांना गोष्ट माहीत होती. रूडीनं गाड्यांच्या कारखान्यात राबून हौसेनं हिरवी ब्रिगँड घेतली. एका रविवारी जेवण झाल्यावर चक्कर मारून येतो म्हणाला. आर्डिस तेव्हा शाळेत जाणारी पोर होती. मीही येते म्हणून तिनं दारात भोकाड पसरलं, तर त्यानं तिची वेणी ओढली आणि म्हणाला, "आज नाही. पुढच्या खेपेला तुला हाक मारीन, तेव्हा लगेच यायचं. काय?" तो गेला आणि त्याच्याबरोबर गाडीही गेली. नदीत गळ टाकून झाले, नदीपलीकडे कॅनडाच्या बाजूला विचारून झालं. आई वाट बघत गेली. मग घरात वाट बघणारी एकटी आर्डिस उरली.

आता लेनवी भागातल्या एका शेतात, कोठाराच्या लिलावात, ही गाडी निघाली होती आणि आर्डिसनं ती विकत घेतली होती. पुढच्या काचेखालचा गाडीचा नंबर जुळत होता. पण तो नंबर तर कोणीही एका गाडीवरून काढून दुसरीला बसवतो, हे तिला ठाऊक होतं.

कॅझनं बाह्या सरसावल्या. पट्टी अस्सल होती. कारखान्यात रंग मारताना पट्टी वाकवून वर करायचे, त्यामुळे मागच्या बाजूलाही रंग लागायचा. नकली पट्टी करणारे हे हमखास विसरतात. इथे मागे हिरवा रंग होता. अक्षरांची ठेवण बरोबर होती. गाडीच्या अंगावर दोन छुप्या जागी नंबर ठोकलेला असतो, तोही त्यानं घासून काढला. तो जुळला.

"आर्डिस, ही रूडीचीच," त्यानं हात पुसत सांगितलं. "माझ्या आईची शपथ घेऊन सांगतो."

ती टायरांच्या चळतीवर बसली. रडली नाही. दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून नुसती गाडीकडे बघत राहिली. इतक्या वर्षांनी निदान एका प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, आणि ते आपण दिलं याचं कॅझला मनापासून बरं वाटलं.

तसं पाहिलं तर गाडी जरा जास्तच चांगली होती. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फासाठी टाकलेलं मीठ भल्याभल्या गाड्या खाऊन टाकतं, हिला गंजाचा ठिपका नव्हता. कोठारातल्या उंदरांनी गाद्यांना तोंड लावलं नव्हतं. पण कोरडं कोठार असलं की राहते गाडी, त्यात काय. खटकण्यासारखी एकच गोष्ट होती. पट्टी वाचत तो वरच्या टोकाला आला आणि थबकला. वरची ओळ कोरी होती. 'एंड' नव्हता.

यादी मोठी असली तर कारखान्यात दुसरी पट्टी लावायचे, मग शिक्का तिच्यावर. पण इथे जागा शिल्लक होती, आणि दुसऱ्या पट्टीसाठी कुठे भोकही नव्हतं. असली पट्टी त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"शुक्रवारची पाळी असणार," तो स्वतःशीच म्हणाला. "लेकाचे बियर प्यायला पळाले असतील यंत्र अर्धं सोडून."

३

पक्क्या निवाड्यासाठी गाडीतली एकेक वस्तू पडताळायची होती. हेडी आत केक कापत होती. आर्डिस म्हणाली, "मी बसते गाडीत. मला काय करायचं तेवढं सांग."

कॅझनं सांगितलं. मग तो बॉनेटखाली वाकला, खालच्या ओळीवर विजेरी धरली. दार बंद झाल्याचा जड आवाज आला. गादी करकरली.

"काळ्या गाद्या?"

"आहे."

"रेडिओ?"

"आहे."

कानातल्या यंत्रातून आवाज घोगरा येत होता. आर्डिसला सर्दी झाली असावी, असं त्याला वाटलं. पण कामात ती पटाईत निघाली. हेडीसारखं रेंगाळणं नाही, मध्येच 'सात अक्षरी पक्षी सांग' नाही. विचारलं की लगेच उत्तर. कॅझ रंगात आला.

"उजवा आरसा?"

"आहे."

"डिकीत दिवा?"

"आहे."

"आर्डिस, तुला हे काम आधीच द्यायला हवं होतं! हेडीला निवृत्त करतो आता," तो हसत ओरडला.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि हातात ट्रे घेऊन आर्डिस गॅरेजमध्ये आली.

"तू सुरूपण केलंस?" ती म्हणाली. "हेडीनं हाक मारली म्हणून आत गेले होते. मला वाटलं थांबशील."

कॅझ विजेरी तशीच धरून उभा राहिला. मग बॉनेटला वळसा घालून खिडकीपाशी गेला. गाडीत कोणी नव्हतं. दारं बंद, काचा वर. चालवणाऱ्याची गादी मात्र खाली दबलेली होती, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ती हळूहळू, सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करत वर आली.

जुन्या स्प्रिंगा, तो मनाशी म्हणाला. जुन्या स्प्रिंगा उशिरा उठतात. आणि आवाज यंत्रातला. मागे एकदा या यंत्रात पोलिसांच्या वायरलेसवरचं बोलणं ऐकू आलं होतं, तसंच काहीतरी. कॅझिमिर ग्रुश्काकडे प्रत्येक गोष्टीला कारण असायचं. पण डिकी बंद होती. तिच्यातला दिवा गाडीत बसलेल्या माणसाला दिसतच नाही, हे त्याला तेव्हा आठवलं. तो मागे गेला, डिकी उघडली. दिवा होता, आणि पेटलाही.

४

भित्रा माणूस असता तर त्यानं दोघींना घेऊन गॅरेजचं दार ओढून घेतलं असतं. कॅझ भित्रा नव्हता. बनावट पट्टी पकडताना तो एक युक्ती करायचा. गाडीत नसलेली वस्तू मुद्दाम विचारायची आणि आत बसलेला विक्रेता फसतो का बघायचं. तो परत बॉनेटखाली वाकला. आर्डिस त्याच्याशेजारी उभी होती, ट्रे हातात.

"घड्याळ?" त्यानं विचारलं. ब्रिगँडला घड्याळ नव्हतं.

बॉनेटपलीकडून शांतपणे उत्तर आलं.

"नाही."

आर्डिसनं ट्रे अगदी सांभाळून टायरांवर ठेवला. तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"कॅझ," ती कुजबुजली. "हा रूडीचा आवाज आहे."

"यंत्रात कधीकधी..."

"यंत्र तुझ्या कानात आहे. माझ्या कानात काही नाही."

आयुष्यात पहिल्यांदाच बॉनेटपाशी उभं राहून कॅझकडे उत्तर नव्हतं, आणि भीतीपेक्षा त्याला त्याचाच जास्त राग आला. त्यानं तिचा दंड धरला.

"चल आत. काही विचारू नकोस."

"दुसरं काही विचारायचंय का मला?" तिनं हात सोडवून घेतला. कधी आवाज न चढवणाऱ्या आर्डिसच्या डोळ्यांतून आता पाणी वाहत होतं. "जन्म गेला हे एक विचारण्यात."

ती पट्टीवर वाकली आणि कॅझ विचारायचा अगदी तसंच, एक शब्द, विचारलं.

"रूडी?"

बाहेर नदीवर मालवाहू जहाजाचा भोंगा वाजला आणि विरला. गाडीत गादी करकरली. कोणीतरी वाकून, आजूबाजूला नीट बघून, शोधून मग सांगावं, इतका वेळ गेला.

"नाही," रूडीच्या आवाजात कोणीतरी म्हणालं.

आता बॉनेट आदळून बंद करायचं, असं ठरवून कॅझनं हात वर नेला. तेवढ्यात उलटंच झालं. विचारायचं काम यांचं होतं, ते तिकडून सुरू झालं.

"आर्डिस?"

त्याच्या हाताला तिचं तोंड दाबायला उशीर झाला. शाळकरी पोर हाकेसरशी दारात धावत यावी, तशी ती म्हणाली, "आहे!"

ठण्ण असा आवाज झाला. धातूवर धातू, कारखान्यात पट्टीवर अक्षरं ठोकणाऱ्या यंत्राचा. कारखाना पाडून किती काळ लोटला होता, पण तो आवाज ऐकलेला माणूस तो विसरत नाही.

कॅझनं पट्टीवर विजेरी टाकली. कोऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक कोड होता. त्याची अक्षरं ताजी, चकचकीत, आणि बोट फिरवलं तर कडा बोटाला लागत होती. तो कोड कसला, हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्यापुढे ओळीत अजून जागा होती. आणखी एक कोड आणि शेवटचा शिक्का मावेल, एवढीच.

"कॅझिमिर?"

पूर्ण नावानं त्याला फक्त त्याची आई हाक मारायची. त्यानं ओठ घट्ट मिटले. पलीकडचं जे काही होतं, ते वाट बघत होतं, आणि त्याला घाई नव्हती.

५

आर्डिसनंच बॉनेट खाली घेतलं, हलक्या हातानं, पाळण्यावर पांघरूण घालावं तसं.

"तो नाही म्हणाला ना," कॅझ म्हणाला. "तू ऐकलंस ना? आत रूडी नाही. मग तू कोणाकडे निघालीस?"

"ऐकलं."

"मग?"

"हाक तर मारली," आर्डिस म्हणाली. एवढ्या वर्षांत त्यानं तिला इतकं निवांत कधी पाहिलं नव्हतं.

ती उजव्या बाजूला गेली, चालवणाऱ्याच्या शेजारी बसायच्या बाजूला, आणि दार उघडून आत बसली. तिनं पर्स मांडीवर ठेवली. किल्ली कॅझच्या खिशात होती. त्यानं खिसा चाचपला, किल्ली तिथेच होती. तरी इंजिन सुरू झालं. ते मोठं इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं आणि गॅरेजच्या भिंतीवरची अवजारं थरथरली.

गाडी मागे सरकत उन्हात गेली. पुढच्या काचेवर आभाळ होतं, नुसतं पांढरं आभाळ, त्यापलीकडचं दिसेना. कॅझ हलला नाही. रस्त्यावर वळताना डावी, चालवणाऱ्याच्या बाजूची काच अर्धी खाली आली. आतून एक हात बाहेर आला आणि त्यानं आरसा किंचित आत वळवला. हाताची बाही जुन्या कारखान्याच्या गणवेशाची होती. त्या बाहीत मनगट कुठे संपतं आणि बोटं कुठे सुरू होतात, हे काही त्याला नीट सांगता आलं नसतं.

हेडी हात पुसत अंगणात आली.

"गेली? केक न खाताच? आणि चालवायला कोण होता रे? मी खिडकीतून टाटा केला तर मेल्यानं मान वळवली नाही."

"तिचा... नातेवाईक," कॅझ म्हणाला.

६

आर्डिस घरी पोचली नाही. पोलीस दोनदा येऊन गेले. ती आपल्या मर्जीनं, आपल्या गाडीतून गेली, एवढं कॅझनं सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. चर्चच्या गायनात तिची जागा रिकामी ठेवली होती. हेडी तिच्या नावानं मेणबत्ती लावून यायची आणि घरी येऊन रडायची.

कॅझनं काम बंद केलं. गाडी आणली की लोकांना दारातूनच परत पाठवायचा. "पाठ धरली," म्हणायचा. गॅरेजला त्यानं नवं कुलूप लावलं, आतलं सगळं आवरून टाकलं. आत आता सिमेंटची फरशी आणि भिंतीवरची अवजारं, एवढंच होतं. गाडी नाही, बॉनेट नाही, पट्टी नाही. मग भ्यायचं कशाला, असं तो स्वतःला विचारायचा आणि त्याला ते पटायचंही. हाकेला उत्तर दिलं नाही की झालं. यादी अर्धी राहिली तर राहू दे. कॅझिमिर ग्रुश्काचं तोंड कॅझिमिर ग्रुश्काच्या ताब्यात होतं.

हेडीला मात्र त्यानं काही सांगितलं नाही. काय सांगणार? एक कोड मला वाचता आला नाही, म्हणून? त्याची मान तेवढी खाली जायला तयार नव्हती. खरं तर तेवढंच सांगायला हवं होतं.

जूनमधली सकाळ होती. स्वयंपाकघरात ऊन आलं होतं, तव्यावर सॉसेज चुरचुरत होते. कॅझ पेपरात डोकं घालून टोस्ट खात होता. कानातलं यंत्र साखरेच्या भांड्याशेजारी पडलं होतं, आणि त्याच्याभोवतीचं जग छान, मऊ, निःशब्द होतं. हेडी तव्याकडे तोंड करून उभी होती. तिनं मान न वळवताच गॅरेजच्या दाराच्या दिशेनं काहीतरी ओरडून सांगितलं. काय ते त्याला ऐकू आलं नाही. पण तिचे ओठ हलले ते त्यानं बाजूनं पाहिले. जन्मभर पाहिलेले ओठ होते ते.

आहे, आहे. घरातच आहे.

टोस्ट त्याच्या हातात तसाच राहिला.

"हेडी. कोणाशी बोललीस?"

तिनं वळून त्याच्याकडे बघितलं आणि बहिऱ्याशी बोलताना बोलायची तसं, तोंड मोठं उघडून सांगितलं, "गॅरेजातून कोणीतरी हाक मारतंय तुला. कॅझिमिर, कॅझिमिर. पूर्ण नावानं! कोण रे असा मोठा साहेब?"

फरशी त्याच्या तळव्यांना थरथरलेली जाणवली. ठण्ण. कपातली कॉफी हलली. हेडीनं मान तिरकी करून गॅरेजच्या दाराकडे कान दिला.

"आता काय म्हणाला..." ती म्हणाली, आणि मध्येच थांबली.

हेडीनं नवऱ्याबरोबर कितीतरी पट्ट्या वाचल्या होत्या. तिच्या हातातला कालथा खाली आला. चेहऱ्यावरचं हसू कुठे ठेवावं हे न कळल्यासारखं तिथेच राहिलं. ती दोन पावलं पुढे आली आणि तिनं कॅझच्या शर्टाची बाही दोन्ही मुठींत घट्ट धरली.

"एंड," ती म्हणाली.

गॅरेजमध्ये इंजिन सुरू झालं. ते कॅझला यंत्राशिवायही स्वच्छ ऐकू आलं.